कांदाचाळीतला फोटो

रुपालीच्या लग्नाच्या अल्बममध्ये रुपाली नव्हती. साडी तिची होती, मुंडावळ्या तिच्या होत्या, शेजारी उभा असलेला संपतही खरा होता. पण चेहरा चुना फासल्यासारखा पांढराफटक. फोटोग्राफरनं फ्लॅश सरळ तोंडावर मारला होता आणि उरलासुरला रंग नंतर कॉम्प्युटरवर धुऊन काढला होता. सावळी, रुंद कपाळाची, उजव्या भुवईवर लहानपणच्या खोकेचा व्रण असलेली रुपाली त्यात शोधूनही सापडत नव्हती. सासरच्या बायका अल्बम चाळताना म्हणाल्या, "बघा तरी, किती गोरी आलीय!" तिला मात्र आपल्या जागी दुसरीच कुणी बाई उभी केल्यासारखं वाटलं होतं.

ती गोष्ट तिच्या मनात रुतून बसली. कवठे येमाईच्या मळ्यातल्या घरात ती नांदायला आली, तेव्हा सासू हयात नव्हती. घरात तीन माणसं. संपत रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. सासरे आण्णा आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेले, आता दहा-पंधरा मेंढरं आणि कांद्याचं वावर सांभाळून होते. दुपारी सगळं शांत झालं की रुपाली मोबाईल घेऊन बसायची. बाकीच्या बायका मालिका बघायच्या, ही फोटो काढायचे व्हिडिओ बघायची. आधी हिंदीतले, मग मराठीतले. बघता बघता तिला विश्वजीत सर सापडले.

विश्वजीत सर पुण्याचे. ऑनलाइन क्लास घ्यायचे, स्टुडिओतला प्रकाश कसा लावायचा ते शिकवायचे. रुपालीनं त्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर फक्त त्यांचे दिवा सरकवणारे हात दिसायचे आणि आवाज ऐकू यायचा. पहिल्याच धड्यात ते म्हणाले, "टेबलावर एक अंडं ठेवा. एकच दिवा घ्या. तो अंड्याभोवती फिरवा आणि सावली कुठं जाते ते बघा. चेहरा नंतर." घरात अंडी नव्हती, म्हणून रुपालीनं कांदा घेतला. त्या दिवशी तास-दोन तास ती कांद्याभोवती बॅटरी फिरवत बसली. बॅटरी लांब धरली की सावली सुरीसारखी कडक पडायची. बॅटरीपुढं धोतराचा पांढरा तुकडा धरून ती जवळ आणली, की सावली विरघळल्यासारखी मऊ व्हायची. एवढी साधी गोष्ट आपल्या लग्नातल्या त्या फोटोग्राफरला कुणी शिकवली नव्हती?

पुढं शिरूरमधला एक जुना फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा संपतनं तिला तिथला कॅमेरा, एक फ्लॅश आणि पांढरी छत्री आणून दिली. "तुझा टाइमपास हुईल," म्हणाला. रुपालीनं मात्र घरामागच्या, कांदे साठवायच्या कांदाचाळीचा अर्धा भाग रिकामा केला. फटींतून ऊन यायचं, तिथं गोणपाट ठोकलं. काळा पडदा हवा होता, तर आण्णांची ठेवणीतली काळी घोंगडी टांगली. घोंगडी कुठल्याही कापडापेक्षा सरस निघाली. लोकर सगळा प्रकाश पिऊन टाकायची, माणसामागं नुसता अंधार. आता एक माणूस पाहिजे होता.

"म्या बसतो की," आण्णा म्हणाले. "मेंढरामागं उभं ऱ्हायची सवय हाय. हालणार न्हाई."

आणि खरंच ते हलत नसत. डोक्याला पागोटं, अंगात बंडी, उन्हानं भाजलेला चेहरा, कपाळावर आडव्या रेघा. रुपाली दिवा वर करायची, खाली करायची, थर्माकोलचा तुकडा धरून सावलीच्या बाजूला थोडा उजेड टाकायची. आण्णा लाकडी पेटीवर बसून राहायचे. कंटाळा आला तर एवढंच विचारायचे, "झालं का गं पोरी? मेंढरं कालवा कराय लागली."

त्या आठवड्यात सरांनी गृहपाठ दिला होता. एकच दिवा, मागं काळोख, फोटो काळा-पांढरा. नाकाची सावली गालावर अशी पडावी की डोळ्याखाली उजेडाचा छोटा तिकोना राहील. रुपालीनं छत्री चाळीच्या आढ्याला बांधली. फोटो काढता काढता म्हणाली, "आण्णा, कशाचा तरी इचार करा. नुसतं बघू नका."

आण्णांचा चेहरा बदलला. जबडा आवळला, नजर खोल गेली. रुपालीनं बटण दाबलं. हा फोटो वेगळा होता.

"कशाचा इचार केला?"

"आईचा," आण्णा म्हणाले आणि उठून मेंढरांकडं गेले.

आण्णांच्या आईचं प्रकरण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण काढत कुणी नव्हतं. त्यांची थोरली बहीण म्हाळसा दौंडला दिली होती. आई शेवटी तिच्याकडंच राहायला गेली आणि तिथंच वारली. ते उन्हाळ्याचे दिवस होते, आण्णा मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात गेलेले, फोनला रेंज नाही. ते दौंडला पोचले तोवर भीमेच्या काठी सगळं उरकलं होतं. "माझ्या आईचं तोंड बघू दिलं न्हाई हिनं," एवढं बोलून आण्णा तिच्या दारातूनच माघारी फिरले. तेव्हापासून भाऊबहिणीचं बोलणं बंद. लग्न झालं, बारशी झाली, कुणी कुणाकडं गेलं नाही. फक्त पुढच्या पिढीचे नंबर एकमेकांच्या मोबाईलमध्ये राहिले. म्हाळसाचा मुलगा सुमित दिवाळीला रुपालीला शुभेच्छा पाठवायचा, तेवढंच.

फोटो सरांना पाठवून झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुपालीनं तोच स्टेटसला लावला. फोटो मनासारखा जमला होता, आपल्या माणसांनी बघावा असं वाटलं. खाली काय लिहावं सुचेना, म्हणून तिनं दोन हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. सरांना नमस्कार, आण्णांनाही नमस्कार. मोबाईल चार्जिंगला लावला आणि ती कांदा काढायला वावरात गेली. आण्णा पहाटेच इनामगावला गेले होते, तिथं कुणाकडं तरी चांगला मेंढा विकायला आहे म्हणून. त्यांच्याकडं बटणाचा फोन होता, पण तो स्वतःला बोलायचं असलं तरच चालू व्हायचा.

ऊन चढल्यावर शेजारची हर्षदा बांधावरून धावत येताना दिसली. ही कॉलेजात जाणारी पोरगी. ओढणी एकीकडं, चप्पल हातात.

"वहिनी! वहिनी, अवो आण्णा गेलं!"

"कुठं गेलं? इनामगावला गेल्यात."

"न्हाई वो!" हर्षदा मटकन खाली बसली. "गेलं म्हंजी... वारलं. समदी तुमच्या दारात जमल्यात. मामी, आप्पा, समदी."

रुपालीच्या हातातली कांद्याची जुडी तशीच राहिली. सकाळी आण्णांनी चहा घेतला होता. जाताना म्हणाले होते, "मेंढरांस्नी पाणी दाव." ते शब्द ऐकू येत होते आणि हर्षदाचे येत नव्हते. तोल सावरत ती उठली. घरापर्यंतची वाट तिनं कशी तुडवली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही.

अंगणात माणूस मावत नव्हता. बायांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडणं मांडलं होतं. सोजरबाई, बौद्धवस्तीतली म्हातारी, जी पूर्वी आण्णांच्या बायकोबरोबर खुरपायला यायची, ती उंबऱ्यावर कपाळ टेकून बसली होती. रुपालीला पाहताच सगळ्यांनी हंबरडा फोडला आणि तीही त्यांच्यात मिसळली. आईबापाविना वाढलेली पोर ती. सासऱ्यानंच तिला बापाची माया लावली होती. तिला रडू आवरेना.

मग रडता रडताच तिनं विचारलं, "पर कुठं हायत? कुठं ठिवलंय त्यांस्नी?"

बायांनी एकमेकींकडं पाहिलं.

"शिरूरला असत्याल की दवाखान्यात," एक म्हणाली.

"पोस्टमार्टमला नेलं म्हणत्यात," दुसरी.

"अपघात झाला का?"

"अटॅक आला म्हणं."

"कोण म्हणालं?"

कुणालाच सांगता येईना. जो तो दुसऱ्याकडून ऐकून आला होता. शंकरराव नावाचे भावकीतले वयस्कर गृहस्थ कोपऱ्यात लाकडं कुठली घ्यायची ते ठरवत होते. त्यांनी पुढं होऊन सांगितलं, "सूनबाई, संपतला कळवलंय. त्यो कंपनीतनं सरळ शिरूरला गेलाय बॉडी ताब्यात घ्याया. तू धीर धर."

संपतला फोन करावा म्हणून रुपाली आत गेली. मोबाईल चार्जिंगवरून काढला. पडदा न उचललेल्या फोनांनी भरला होता. संपत, सुमित, माहेरची मावशी, पुन्हा सुमित. गावाच्या ग्रुपवर तर खंडच नव्हता. तिनं तो उघडला.

पहिल्यांदा तिला फोटो दिसला. पागोटं, आवळलेला जबडा, खोल गेलेली नजर. भोवती झेंडूच्या फुलांची चौकट, खाली तेवती समई, वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली सगळ्या गावाचे जोडलेले हात.

तिनं पुन्हा पाहिलं. गालावरचा तो उजेडाचा तिकोना तिनंच पाडला होता.

बोट वर वर सरकवत ती संदेश मागं मागं वाचत गेली. सगळ्यांत वर कुणीतरी विचारलं होतं, 'रुपाली वहिनीच्या स्टेटसला आण्णांचा फोटो बघितला, काय झालं?' त्यावर दुसऱ्यानं, 'अरेरे, वाईट झालं.' त्यावर तिसऱ्यानं, 'कधी?' आणि चौथ्यानं कुणालाही न विचारता फुलांची चौकट लावून टाकली होती. काळा-पांढरा फोटो, मागं अंधार, खाली जोडलेले हात. आपल्याकडं असा फोटो कोण कधी लावतं? मेल्यावरच की. सगळं जग त्याकडं बघून एकच अर्थ लावणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सावली, तिकोना, घोंगडी करत बसलेल्या रुपालीलाच तेवढं कळलं नव्हतं.

ती अंगणात आली.

"आण्णा गेलं न्हाईत," ती म्हणाली. "फोटू म्या लावलाय. माझ्या क्लासचा फोटू हाय त्यो. कुणी मेलं न्हाई."

रडणं क्षणभर थांबलं. मग शेजारच्या मामीनं तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत बाकीच्यांना म्हणाली, "धक्का बसलाय पोरीला. पाणी आणा गं."

"अवो खरंच सांगते! इनामगावला मेंढा बघाया गेल्यात त्ये!"

"व्हय बाळा, व्हय. गेल्यात. पडून ऱ्हा जरा."

तिला जबरदस्तीनं भिंतीला टेकवून बसवलं. एकीनं नाकाला कांदा धरला. रुपाली ओरडून सांगत होती, आणि जितकी ओरडत होती तितक्या बाया जास्त रडत होत्या. हर्षदानं मात्र तिच्या हातातला मोबाईल घेतला, स्टेटस बघितला, ग्रुप बघितला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "मामी," ती हळूच म्हणाली, "वहिनी म्हणत्यात त्ये बरोबर हाय वाटतं."

आता दुसरीच भीती. आण्णांना फोन लावला, बंद. इनामगावात कुणाचा नंबर नाही. शंकरराव म्हणाले, "फोटूमुळं बातमी उठली हे मान्य. पर माणूस जिता हाय ह्ये तरी कुणी बघितलंय?" रुपालीच्या मनात एकच विचार फिरायला लागला, की आपण जिवंत माणसाचा असला फोटो लावला आणि तो खराच झाला तर? तिनं घरातल्या देव्हाऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेवढंही धाडस उरलं नव्हतं.

उन्हं कलल्यावर आण्णा आले. एकटेच, पायी, खांद्यावर पंचा टाकून. अंगणातली गर्दी पाहून ते फाटकापाशीच थांबले. त्यांना पाहून एक बाई किंकाळी फोडून आत पळाली. शंकररावांच्या हातातली तंबाखू सांडली. सोजरबाई उंबऱ्यावरून उठायला गेली आणि पुन्हा तिथंच बसली.

आण्णांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांना वाचता येत नव्हतं.

"स्टँडवर माझा एवढा मोठा फोटू लावलाय बन्सीनं," ते म्हणाले. "मला न इचारता विलेक्शनला उभं केलं का काय?"

मग हर्षदा रडत रडतच हसली आणि सगळं अंगण फुटलं. कुणी हसत होतं, कुणी रडत होतं, कुणी दोन्ही. बाया आण्णांच्या अंगाला हात लावून बघत होत्या. शंकररावांनी बन्सीला फोन लावून शिव्या घातल्या. बन्सीचं स्टँडवर फ्लेक्सचं दुकान. गावात कुणी गेलं की घरच्यांनी सांगायची वाट न पाहता फ्लेक्स टांगायचा, हा त्याचा मोठेपणा. रुपालीनं आण्णांचे पाय धरले. "चुकलं माझं आण्णा," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. आण्णांना अजून पुरतं उमगलं नव्हतं. ते म्हणाले, "आगं उठ. च्या ठिव."

चहा झाला. आण्णा अंगणात उभ्यानंच चहा पीत होते, भोवती पोरं त्यांना सगळी हकीकत सांगत होती, आणि तेवढ्यात चाळीपाशी एक गाडी येऊन थांबली. दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला.

"बारक्या रं... माझ्या बारक्या रं..."

आण्णांना बारक्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं. सुमितचे फोन! तिनं ते पाहिले होते आणि विसरून गेली होती. आण्णा जिवंत आहेत हे दौंडला कुणी कळवलंच नव्हतं.

म्हाळसा आत्या सुमितच्या खांद्यावर भार टाकून आत आली. सत्तरी ओलांडलेली, पदर घसरलेला, पायात चपला नाहीत. लोकांनी आपोआप वाट करून दिली. तिला सांगायला कुणाचीच जीभ उचलेना. तिनं आधी जमिनीकडं पाहिलं. अंगणाच्या मधोमध, जिथं माणसाला निजवतात तिथं. तिथं काहीच नव्हतं. मग तिची नजर वर गेली.

आण्णा हातात चहाचा ग्लास धरून उभे होते.

म्हाळसाचं तोंड उघडंच राहिलं. ती दोन पावलं पुढं आली आणि दोन्ही मुठींनी भावाच्या छातीवर मारायला लागली. ग्लास पडला, चहा दोघांच्या अंगावर उडाला. "तुझं तोंड बघाया आले रं! सगळी वाट म्हणत आले, थांबवा, म्या येस्तोवर उचलू नका... तुझं तरी तोंड बघू द्या..." सुमितनं आणि रुपालीनं तिला सावरून ओट्यावर बसवलं.

आण्णा जागचे हलले नव्हते. ते म्हणाले, "मला आईचं न्हाई दिसलं, आक्का."

"ऊन किती हुतं ठाऊक हाय तुला?" म्हाळसाचा आवाज फाटला होता. "सकाळपास्नं दिवस मावळस्तोवर ठिवली व्हती. बरफ मिळंना. माणूस धाडला तुझ्यामागं घाटापर्यंत. लोकं म्हणाली, आता ठिवता येणार न्हाई. काय करू म्या?"

"ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"समदं. त्यो माणूस भेटला व्हता मला मागनं. त्यानं समदं सांगितलं."

म्हाळसा त्याच्याकडं बघतच राहिली. रुपालीही. इतकी वर्षं या घरात ज्या रागाला सगळे वळसा घालून चालत होते, तो राग खोटा होता हे आण्णांना कधीपासूनच माहीत होतं. त्या दिवशी सकाळपासून जेवढे धक्के बसले, त्यांत हा सगळ्यांत मोठा होता, असं रुपालीला वाटलं.

"मंग का रं?" म्हाळसा एवढंच म्हणाली.

आण्णांनी मान खाली घातली. "कुणावर तरी राग धराया पायजे व्हता. माझ्यावर धरला आस्ता तर जगलो नस्तो."

गोष्टीत इथं भाऊबहीण गळ्यात पडतात. तसं झालं नाही. म्हाळसानं पदर सावरला, रुपालीच्या हातचं पाणी घोटभर घेतलं, आणि सुमितला म्हणाली, "चल. दिस असतानाच निघू." भावाकडं तिनं वळूनही पाहिलं नाही. गाडी मलठणच्या रस्त्याला लागली, तरी आण्णा फाटकात उभे होते.

संपत आला तो त्यानंतर. त्यानं शिरूरच्या दवाखान्यात जाऊन माझा बाप कुठं ठेवलाय म्हणून विचारलं होतं, खासगी दवाखाने पालथे घातले होते. बाप सापडल्याचा फोन आला तेव्हा तो रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडला होता. घरी आल्यावर तो आण्णांच्या पाया पडला आणि सरळ कांदाचाळीत गेला. आढ्याची छत्री ओरबाडून काढली. तिच्या काड्या मोडल्या.

"परत ह्या खोलीत उजेड दिसला तर बघ," तो रुपालीला म्हणाला. त्याचं खरं होतं.

गावात लोक म्हणत होते, आण्णांचं आयुष्य वाढलं. रुपालीला ते ऐकून बरं वाटत नव्हतं. वावरात जाताना लोक तिच्याकडं बघून गालात हसायचे, बाया पोरांना म्हणायच्या, "तिच्या मोबाईलसमोर उभं राहू नको रे." फोनची रिंग वाजली तरी ती दचकायची. अशातच विश्वजीत सरांचा गृहपाठावरचा अभिप्राय आला. तिला सगळं सोडून द्यायचं होतं, तरी तिनं तो ऐकला.

"नाकाची सावली उत्तम," सरांचा आवाज म्हणत होता. "पार्श्वभूमी फारच छान, कशाची केलीय? पण एक मोठी चूक आहे. दिवा फार उंच टांगलाय. भुवयांची सावली डोळ्यांवर पडलीय. डोळ्यात दिव्याचा ठिपका दिसत नाही. तो ठिपका नसला की माणूस निर्जीव दिसतो."

रुपालीनं मोबाईल पालथा ठेवला. तिला हसू येईना, रडू येईना. तिनं फोटो पुन्हा उघडला आणि मोठा करून डोळे पाहिले. दोन काळी भोकं. सर जे बोलले ते सगळ्या गावानं न शिकता पाहिलं होतं.

काही दिवसांनी दुपारी सोजरबाई आली. नवं लुगडं, केस चापूनचोपून बसवलेले. रुपालीला वाटलं, कुठं लग्नाला निघाली असेल.

"माजा बी काढ," सोजरबाई म्हणाली.

"काय?"

"फोटू. आण्णाचा काढला तसला. म्या मेल्यावर माजी पोरं आधारकार्डाचा लावत्याल फ्लेक्सवर. त्यात म्या चोरावानी दिसते. आत्ताच चांगला काढून ठिव. मला बघू दे आधी."

एखादी बाई आपल्या मरणाच्या फोटोसाठी नटून येईल, हे तिच्या कल्पनेतही नव्हतं. "आजी, असलं बोलू नका. मी सोडलंय ते."

"आगं मी काय उद्या मरते व्हय? तू काढ तर."

ओट्यावर बसलेले आण्णा तेवढ्यात उठले. चाळीत गेले. मोडलेल्या छत्रीच्या काड्या त्यांनी तारेनं केव्हाच बांधून ठेवल्या होत्या, हे रुपालीला तेव्हा कळलं. "संपतला म्या सांगतो," ते म्हणाले. "तू लाव दिवा."

या खेपेला तिनं दिवा आढ्याला बांधला नाही. तिपाईवर, सोजरबाईच्या नजरेच्या थोडा वर ठेवला. कॅमेऱ्यातून पाहिलं. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत छत्री पांढऱ्या ठिपक्यासारखी उभी होती. सोजरबाई फोटोत अशी दिसत होती, की आत्ता काहीतरी खरमरीत बोलेल. आणि ती बोललीच, "लई म्हातारी दिसते गं मी!" पण फोटो तिनं घरी नेऊन भिंतीवर लावला, आणि आल्यागेल्याला दाखवू लागली.

मग बाकीचे यायला लागले. शंकरराव आले, कोट घालून. एक आजोबा नातवाला घेऊन आले आणि म्हणाले, हसरा काढ, रडका नको. स्वतः बन्सी येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, माझ्याकडं लोक फाटके, अंधूक फोटो आणत्यात, तुमच्याकडं पाठवत जाऊ का, जिते असतानाच?" रुपालीनं त्याला दारातूनच घालवला, पण लोक आलेच. मुली स्थळासाठी फोटो काढायला आल्या, आणि रुपालीनं कुणालाच गोरं केलं नाही. एकीची आई त्यावरून भांडून गेली. संपत महिनाभर चाळीकडं फिरकला नाही. एके दिवशी कंपनीतल्या मित्राच्या आईला घेऊन आला आणि बाहेरच उभा राहिला, मोबाईलमध्ये तोंड घालून.

स्टेटसला फोटो लावायचं मात्र रुपालीनं कायमचं सोडलं.

म्हाळसा आत्याचा फोन एकदाच आला, रुपालीला. "त्यो फोटू हाय का गं तुज्याकडं? बारक्याचा?" रुपाली म्हणाली, "हाय, पण आत्याबाई, त्यो नको. दुसरा चांगला काढलाय." "दुसरा नको," आत्या म्हणाली. "त्यात त्यो आईवानी दिसतुय." फोन ठेवला गेला. रुपालीनं फोटो पाठवला.

तिनं ही गोष्ट आण्णांना सांगितली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते धुतलेलं धोतर नेसून निघाले. मेंढरांना पाणी दाखवायला सांगितलं, कुठं जातो ते सांगितलं नाही. संध्याकाळी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बंद. संपत घाबरला, रुपालीच्या तर जिवात जीव नव्हता. सुमितला विचारायचं धाडस तिला होईना. नसले तिथं तर?

तिसऱ्या दिवशी आण्णा परत आले. हातात पिशवी, पिशवीत पेरू.

"कुठं गेलता?" संपत ओरडलाच.

"दौंडाला."

रुपालीनं पाणी दिलं. ते पिऊन होईस्तोवर ती थांबली. "आत्याबाई काय म्हणाल्या?"

"काय न्हाई." आण्णांनी तोंड पुसलं. "तिनं वाढलं, म्या जेवलो. दुसऱ्या दिशी नदीवर घिऊन गेली. आईची जागा दावली."

"मग?"

"मंग काय. दोघं बसलो थोडा येळ. ऊन व्हतं म्हणून माघारी आलो." त्यांनी पेरू काढून तिच्या हातावर ठेवला. "तिच्या दारचं झाड हाय. खा."